यजमान उत्तर देत नाही

लेपानीला शिव्या देण्याचा माझा हक्क पिढीजात आहे. त्याचं गाव खाडीच्या पलीकडे, माझं अलीकडे, आणि दोन्ही गावांचा मूळपुरुष एक. अशी गावं एकमेकांची ताउवू. ताउवूनं तुमच्या बापाला खेकडा म्हटलं तरी रागवायचं नाही. त्यानं दारातली कोंबडी उचलली तर 'पिल्लंही ने बाबा' म्हणायचं. आम्ही दोघांनी हे चाळीस वर्षं नेमानं पाळलं. दर शनिवारी तो होडीनं यायचा, नाहीतर मी जायचो. गुडघे होते तोवर रग्बी खेळलो, गुडघे गेल्यावर पोरांची रग्बी बघत बसलो. तोंडं मात्र थांबली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा रक्त धुवावं लागतं, आणि ते यंत्र आमच्या बेटावर नाही. म्हणून तो आणि त्याची बायको लोसेना ऑकलंडला मुलाकडे राहायला गेले. लोसेना आमच्याच गावची. तिकडे म्हातारा भिंतीला शिव्या द्यायला लागला, तेव्हा मुलानं युक्ती काढली. टीव्हीला जोडायचं खेळाचं एक यंत्र त्यानं बापाला घेतलं आणि तसंच दुसरं बोटीनं मला पाठवलं. डोक्यावर माइकवालं टोपडं चढवायचं, हातात कंट्रोलर धरायचा, आणि इथून तिथपर्यंत रग्बी खेळायची. शनिवारी चार वाजता, पूर्वीसारखंच.

पहिल्या शनिवारी लेपानीचा माणूस चेंडू घेऊन पळाला आणि मी त्याला पाडायला झेप घेतली. माझा माणूस जागच्या जागी धावत राहिला, चर्चमध्ये शिरण्याआधी पायाची वाळू झटकावी तसा. मग सगळं एकदम सुटलं. तोवर लेपानीचा माणूस रेषेपलीकडे चेंडू टेकवून, हात वर करून, परत आपल्या जागी येऊन उभा होता.

बोलण्याचंही तेच. मी म्हणायचो, "पडला बघ तुझा रेडा!" आणि ते त्याला पोचायचं तेव्हा माझाच रेडा पडलेला असायचा. शिवी म्हणजे भाजलेला मासा. गार झाला की वास येतो.

माझी भाची मेरेसेइनी गावच्या शाळेत शिकवते. मला अक्षरंही तिनंच शिकवली, बासष्टाव्या वर्षी, पहिलीच्या बाकावर बसवून.

"याला लॅग म्हणतात, मोमो," ती म्हणाली. मामाला आम्ही मोमो म्हणतो. "तुम्ही बटण दाबता. ते शाळेच्या छतावरच्या तबकडीतून ऑकलंडला जातं आणि तिथून उत्तर येतं. वाटेत कुठंतरी खोळंबा होतोय."

"किती खोळंबा?"

"पापणी लवेपर्यंत जाऊन यायला हवं. तुमचं उत्तर येईपर्यंत माणूस दाढी करून येईल."

ही बातमी गावात पसरली आणि जो तो वैद्य झाला. सगळ्यात मोठे वैद्य एमोसी मास्तर. चर्चचा गायनमेळा त्यांच्या हाताखाली असतो, आणि सभेत गावातर्फे बोलायचं कामही त्यांचंच, कारण त्यांचा आवाज समुद्रावर जातो आणि परत येत नाही.

"शब्द खालून जातात, म्हणून ओले होतात," मास्तर म्हणाले. "वर बांध."

मी राऊटरचा डबा नीरफणसाच्या झाडावर बांधला. डबा उबदार होता. दोन दिवसांत त्याच्या दोन्ही बाजूंना वटवाघळं लटकली आणि नेट आलं की चिरकायला लागली. मेरेसेइनीनं तो खाली उतरवला, पुसला, आणि कपाळाला हात लावला.

"हवेतून भरकटत जाण्यापेक्षा तारेतून सरळ जातं," असं म्हणून तिनं शाळेपासून माझ्या घरापर्यंत निळी तार ओढली, चार घरांच्या छपरांवरून. दुसऱ्या दिवशी तारेवर गावभरचे कपडे वाळत होते. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मंगळवारी मी एकटाच अनोळखी लोकांशी खेळलो, तर खेळ ओढ्यासारखा वाहत होता. शनिवारी चार वाजता मात्र पुन्हा चिखल.

"म्हणजे वैर लेपानीशीच आहे," मास्तर म्हणाले.

असे अकरा शनिवार गेले. बाराव्या शनिवारी जे झालं ते आठवलं की आजही मान खाली जाते. लेपानीच्या एका खेळाडूला पंचानं मैदानाबाहेर काढलं. मी ओरडलो, "बरं झालं, कटकट गेली! आता परत येऊ नकोस!" ओरडलो आणि पडदा थिजला. तिकडे लेपानीला तो थिजलेला दिसला, म्हणून त्यानं तेवढ्यात मनातलं सांगून टाकलं. त्याचा आवाज मला आधी आला.

"आपो," तो म्हणाला (अपोरोसाचं आपो त्यानंच केलं), "डॉक्टर म्हणतो, आता गावी राहायला जायचं विसरा."

आणि त्याच क्षणी त्याच्या कानात माझं मघाचं वाक्य पोचलं.

मग तो म्हणाला, "ताउवू आहेस, रागवता येत नाही. पण आपो, आमच्या शेजारी लिसिआते राहतो. टोंगाचा आहे, पण माणूस बरा आहे. दहा पावलांवर आहे. मी तोंड उघडायच्या आत उत्तर देतो. पुढच्या शनिवारी हे असंच अडकलं, तर मी आपला त्याच्याशी खेळेन. या वयात मला थांबायला वेळ नाही रे."

चाळीस वर्षं माझा असलेला माणूस टोंगावाल्याकडे चालला होता, आणि तो पुढचं काही बोलण्याआधी पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. मी बोट ठेवून एकेक वाचली. 'यजमान उत्तर देत नाही.'

लहानपणी शिकलेली माणसं वाचतात आणि सोडून देतात. मी म्हातारपणी शिकलो, म्हणून जे लिहिलेलं असतं ते खरं धरतो. मी तडक एमोसी मास्तरांकडे गेलो.

"मास्तर, या खेळात यजमान कोण?"

"कोणाच्या घरात खेळता?"

"लेपानी खेळ उघडतो, मग मला आत बोलावतो."

मास्तरांच्या हातातली अळूकंदाची फोड खाली पडली. "अरे गाढवा! किती वेळा गेलास?"

"बारा शनिवार."

"आणि सेवुसेवु?"

सेवुसेवु राहिलाच होता. कुणाच्याही गावात, घरात शिरताना यांगोनाची मुळी पुढे ठेवून परवानगी मागायची असते. यजमान ती उचलतो, टाळी देतो, मग तुम्ही आत. हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि मी बारा वेळा लेपानीच्या घरात जोड्यासकट घुसून, त्याच्या माणसांना पाडून आलो होतो.

"मग तो उत्तर कसा देईल?" मास्तर ओरडले. "ताउवू झाला तरी घर ते घर! यंत्रालासुद्धा रीत कळते, तुला कळत नाही!"

मेरेसेइनीला सांगितलं तर ती हसून हसून बाकावर आडवी झाली. "मोमो, यजमान म्हणजे फक्त ज्याच्या यंत्रावर खेळ चालतो ते—"

"मग तेच तर म्हणतोय मी," मास्तर म्हणाले.

ती पुन्हा आडवी झाली.

तेराव्या शनिवारी माझ्या घरात केवड्याच्या चटया पसरल्या. मास्तरांनी मेळ्याचा सराव रद्द केला, कारण मेळाच गावातर्फे बसणार होता. सगळं गाव आलं. टोप्या काढल्या, पिशव्या खांद्यावरून उतरवल्या. मागच्या सभेत कुणाच्या तरी खिशातून फोन कुकुचकू ओरडला होता, म्हणून मास्तरांनी दारात टोपली ठेवली आणि झाडून सगळ्यांचे फोन बंद करून तिच्यात टाकायला लावले. त्यांचा स्वतःचाही.

टीव्हीसमोर यांगोनाची जुडी ठेवली. पडद्यावर दोन्ही संघ रांगेत उभे होते. मास्तरांनी माझं टोपडं डोक्यावर चढवलं आणि मांडी घातली.

"या घराच्या मालका," ते घुमले, "मूळपुरुषाच्या नावानं ही लहानशी मुळी. आमचा अपोरोसा तुझ्या दारात बारा वेळा रानडुकरासारखा शिरला. त्याला अक्षरं उशिरा आली आणि अक्कल अजून वाटेत आहे. माफी असावी. त्याला आत घे आणि त्याला उत्तर दे."

आम्ही सगळ्यांनी ओंजळ पोकळ धरून तीन टाळ्या दिल्या. टीव्हीतून, जराही उशीर न होता, तीन टाळ्या आल्या.

मग लेपानी म्हणाला, "मुळी पोचली. उचलली. आपो, आत ये. पाय पूस."

मग खेळ झाला. देवा, काय खेळ झाला! मी बटण दाबलं की माणूस पळायचा. मी वाईट बोललो की लेपानी त्याच श्वासात त्याहून वाईट बोलायचा. मी त्रेचाळीस-पाच असा हरलो. लॅग गेल्यावर कळलं की मला मुळात खेळताच येत नाही. पण माझ्या मागं सगळं गाव हसत होतं, पुढून लेपानी हसत होता, आणि दोन्ही हसणी एकाच वेळी ऐकू येत होती.

शेवटी लोसेनाचा आवाज आला. "अहो, पण आज मेळा का नाही दाखवला? चहा करून बसले होते मी."

मास्तरांनी मान डोलावली. "पुढच्या शनिवारी नक्की, बाई."

पुढच्या शनिवारी मी मुळी ठेवली, एकट्यानंच, कारण मेळा चर्चमध्ये सरावाला गेला होता. तीन टाळ्या दिल्या. लेपानीच्या टाळ्या आल्या तेव्हा मी उठून पाणी पिऊन आलो होतो.

"आपो!" तो ओरडला. "मुळी शिळी होती का रे?"

मेरेसेइनी दारात उभी होती. ती हसली नाही. "मोमो, मागच्या शनिवारी टोपलीत किती फोन होते?"

"एकतीस."

"आणि मास्तरांचाही?"

"त्यांचा सगळ्यात वर. का?"

"थांबा. मी चर्चकडे जाते. हात वर केला की टाळी द्या."

ती टेकाडावरच्या चर्चच्या दारात जाऊन उभी राहिली. माझ्या खिडकीतून ती दिसते. तिनं हात वर केला, मी टाळी दिली, आणि लेपानीची टाळी येईपर्यंत जांभई देऊन झाली. मग ती आत गेली. आतून मास्तरांचा आरडाओरडा ऐकू आला. ती बाहेर आली, हात वर केला. मी टाळी दिली. लेपानीची टाळी माझ्या टाळीला येऊन चिकटली.

"काय केलंस?" लेपानी विचारत होता. "कोंबडं कापलंस?"

ती खाली आली ती मास्तरांचा फोन हातात घेऊन, आणि मागून मास्तर, आणि मास्तरांच्या मागून अख्खा मेळा.

"गावाला एकच तबकडी आहे," ती म्हणाली. "तिच्यातून सगळ्यांचं जातं. इतर फोन थोडंथोडं पाठवतात. पण मास्तर दर शनिवारी चार वाजता सराव थेट दाखवतात. चोवीस माणसं, हलती चित्रं, सगळं तबकडीतून वर चढवायचं. दारात एवढा मोठा सोफा अडकल्यावर मोमोंची टाळी बाहेर कशी पडेल?"

"मग तो सेवुसेवु?" मी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांचे फोन टोपलीत टाकलेत, आणि दाखवणं बंद होतं. तेवढंच."

"म्हणजे लागू पडला," मास्तर म्हणाले. मग छाती काढून पुढं म्हणाले, "पण मेळा बंद होणार नाही. परदेशातली आपली माणसं ऐकतात. शेकडो!"

मेरेसेइनीनं फोन त्यांच्यासमोर धरला. मास्तरांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी वाचलं. "पाहणारे: एक."

पहिल्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "मी तर त्यासाठी दर शनिवारी केस विंचरते."

"हा एक कोण?" मास्तरांनी विचारलं.

टीव्हीतून लोसेना म्हणाली, "मी."

तर असं होतं. लेपानी बाहेरच्या खोलीत खेळायचा, लोसेना आतल्या खोलीत मेळा बघायची, आणि तिच्या एकटीसाठी आमचा चोवीस माणसांचा सोफा दर शनिवारी दारात अडकायचा.

"मग झालं," लेपानी म्हणाला. "दाखवणं बंद करा."

"बंद करा?" लोसेनाचा आवाज माइकजवळ आला. "आठवड्यातून तीन दिवस मी याच्याबरोबर दवाखान्यात त्या यंत्राशेजारी बसते. आठवड्यातून एक तास मी माझ्या गावात असते. तो तास काढून घ्या, म्हणजे मी भिंतीतली तार काढते. मग खेळा दोघं काड्यांनी!"

"बघ आपो," लेपानी थकल्यासारखा म्हणाला. "मी हिच्याशी भांडणार नाही. तिचं बरोबर आहे. मी आपला लिसिआतेकडे जातो. त्याच्याकडे भिंतीतून तार लागत नाही, आम्ही एकाच सोफ्यावर बसतो."

टोपडं माझ्या हातात होतं. मी त्याच्याकडे बघत बसलो. मग मला एक साधी गोष्ट सुचली, अडाणी माणसाला सुचते तशी.

"लोसेना, तू मेळ्याचं बघतेस काय?"

"बघायचं काय त्यात? एमोसीचं पोट? मी डोळे मिटून ऐकते."

मेरेसेइनीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. "मोमो!" ती म्हणाली. "नुसता आवाज म्हणजे काहीच नाही. तुमच्या शिव्या जातात, त्यातच जाईल!"

"म्हणजे सोफा नको," मी म्हणालो. "उशी."

त्या दिवसापासून मेळा माझ्या घरात सराव करतो. बायका टीव्हीच्या डावीकडे, पुरुष उजवीकडे, खर्जवाले स्वयंपाकघरात. मी मध्ये चटईवर. टोपडं काढून त्याचा माइक तुळईला टांगलाय. फोन टोपलीत जातात, आणि आधी मुळी ठेवतोच, कारण मास्तर म्हणतात की तबकडीचं तबकडीपाशी आणि रीत रीतीपाशी. मग मी आणि लेपानी एकमेकांची हाडं मोडतो आणि भोवती देवाची स्तुती चालते. एकदा मी ओरडलो, "ऊठ रे कुजक्या रताळ्या!" आणि मेळ्यातल्या दोन मुलींनी ते सुरात घेतलं. मास्तरांनी छडी आपटली, पण ओळ बसली होती चांगली.

आतल्या खोलीतून उठून लोसेना आता लेपानीशेजारी बसते. गेल्या महिन्यात तिथं तिसरंही कुणीतरी आलं. आम्ही एक जुनं स्तोत्र म्हणत होतो. शब्द आमचे वेगळे, टोंगावाल्यांचे वेगळे, पण चाल तीच. मध्येच टीव्हीतून एक खर्ज निघाला, इतका खोल की परातीत प्यायला कालवलेली यांगोना थरथरली.

"हा कोण?" मास्तरांनी हात वर करून मेळा थांबवला.

"लिसिआते," लेपानी म्हणाला. "ऐकायला आला होता, राहवलं नाही त्याला."

"आवाज चांगला आहे," मास्तर म्हणाले. "पण उशिरा येतो. पुन्हा!"

पुन्हा म्हटलं. तो पुन्हा मागं पडला, अगदी थोडा, पापणीभर. मास्तर चिडले. सगळ्या फोनांची मोजणी झाली. एकतीसच्या एकतीस टोपलीत. तारेवरचे कपडेही काढून पाहिले.

"मास्तर, आता कुणाची चूक नाही," मेरेसेइनी म्हणाली. "मध्ये समुद्र आहे. आपलं गाणं तिकडे जाणार, मग त्याचं इकडे येणार. एवढी पापणी लागणारच. ती कुणी काढू शकत नाही."

मास्तरांनी क्षणभर विचार केला. चाळीस वर्षं त्यांनी उशिरा येणाऱ्या खर्जवाल्यांना सुधारलंय. समुद्राला सूट द्यायचा त्यांचा विचार दिसला नाही.

"लिसिआते!" ते माइकखाली जाऊन गरजले. "तू आमच्या आधी सुरू कर!"

"आधी?" टोंगाचा आवाज बिचकला. "मास्तर, मला ऐकूच आलेलं नसेल तर कसं सुरू करू?"

"गाणं पाठ आहे ना?"

"आईच्या मांडीवर शिकलोय."

"मग ऐकायचं कशाला? म्हण!"

आणि तो बरोबर आला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तिकडे लोसेना रडत होती की हसत होती, ते इथून कळेना.

पडद्यावर माझा माणूस चेंडू घेऊन तसाच उभा होता. लेपानीनं घसा साफ केला. तो घसा साफ केल्यावर काय बोलतो, ते मला चाळीस वर्षं पाठ आहे. मी हसायला लागलो.

"अरे, हसतोस काय?" लेपानी म्हणाला. "मी अजून बोललोच नाही!"

"बोल, बोल," मी म्हणालो. "माझं हसू तुला पोचेपर्यंत होतंय बरोबर."